बांबू भावाचा, कागद बहिणीचा

आम्ही डब्लिनला आलो ते २०१४ साली, दिवाळीच्या जरा आधी. नवऱ्याचं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, पण घर मिळालं शहराच्या पश्चिमेला, क्लोनडॉकिनमध्ये. विटांची एकसारखी घरं, मध्ये गवताचा चौक, आणि माणसं कामावर गेली की रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुण्यात मी बँकेत होते. इथे माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. मुलीला शाळेत सोडून आले की दिवसभर घर आणि मी.

दिवाळीला मी दारावर तुळशीबागेतून आणलेला घडीचा कागदी आकाशकंदील लावला. इथल्या वाऱ्याची मला तोवर ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हुकाला नुसती दोरी लोंबत होती. मी तशीच चपला अडकवून बाहेर आले, तर समोरच्या रांगेतली एक चिनी बाई तो कंदील हातात धरून उभी. साठी ओलांडलेली, बुटकी, केस अगदी बारीक कापलेले, आणि अंगात गुलाबी रेनकोट. ती कंदील माझ्या हातात देईल असं मला वाटलं. तिने तो उलटा केला, आत डोकावून पाहिलं, चिकटवलेल्या कडांवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नो गुड."

मी हसले. ती हसली नाही. कंदील घेऊन ती सरळ आपल्या घरात निघून गेली.

भाऊबीजेच्या दिवशी बेल वाजली. दारात तीच बाई. कंदील तोच होता, पण आत बारीक कामट्यांचा सांगाडा उभा राहिला होता. कबाबाला वापरतात त्या काड्या चिरून तिने त्या केल्या होत्या. फाटलेला कागद असा जोडला होता की सांधा शोधूनही सापडेना. मी स्टूल आणायला वळले तेवढ्यात तिने शेजारची कचऱ्याची कुंडी ओढली, तिच्यावर चढून कंदील स्वतःच टांगला, खालच्या टोकाला एक छोटा दगड बांधला आणि बोटाने त्याला झोका दिला. कंदील डुलला आणि सरळ झाला. "गुड," ती म्हणाली. त्या आठवड्यात इतका वारा झाला की शेजाऱ्याचं कुंपण पडलं. कंदील देवदिवाळीपर्यंत तसाच डुलत होता.

तिची नात माझ्या मुलीच्याच वर्गात होती हे मला नंतर कळलं. नात तिला पोपो म्हणायची, म्हणजे आईची आई. माझी मुलगीही पोपो म्हणू लागली आणि मग मीसुद्धा. तिची लेक सँडीफोर्डला एका कंपनीत कामाला होती. नातीला सांभाळायला म्हणून तिने आईला चीनमधून बोलावून घेतलं होतं. शनिवार-रविवारी लेक घरी असली की आमच्यात दुभाष्याचं काम करायची. एरवी आम्ही दोघी खुणांवर आणि फोनमधल्या भाषांतरावर चालवून घ्यायचो. ते भाषांतर काहीही बोलायचं. एकदा मी तिला पुरणपोळी दिली तेव्हा फोनने तिला काय सांगितलं कोण जाणे, ती बराच वेळ पोळीकडे संशयाने बघत होती.

पोपोची गोष्ट मला अशाच एका शनिवारी कळली. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, नदीकाठी तिचं छोटं गाव. चिनी नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला त्या गावात माशांचे कंदील काठीवर धरून मिरवणूक निघते. डोकं वेगळं, अंगाचे दोन-तीन तुकडे वेगळे, शेपटी वेगळी, आणि सगळं एकमेकांत असं अडकवलेलं की माणूस चालला की मासा पोहतो. हे मासे पिढ्यान्‌पिढ्या पोपोच्या माहेरी बनत आले. घरातले पुरुष बांबू चिरायचे, वाकवायचे आणि सांगाडा उभा करायचे. बायका सांगाडा बांधायच्या, कागद ताणायच्या, रंगवायच्या. वडिलांची सुरी घरातल्या मुलींनी हातात धरायची नाही, असा नियम होता.

"तुला कधी धरावीशी वाटली नाही?" मी विचारलं.

लेक ते चिनीत विचारून उत्तरावर हसली. "आई म्हणते, रोज वाटायची. म्हणून मी गणित शिकले."

पोपो जन्मभर शाळेत गणित शिकवत होती. ते तिच्याकडे बघून कळायचंच. ती माझ्या स्वयंपाकघरात यायची, ओट्यावर बोट फिरवायची, पोळी गोल नसली तर सांगायची आणि स्वतःच्या कौतुकात कधी कमी पडायची नाही. आपल्याइतका ताठ कागद गावात कुणाला ताणता आला नाही, हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं की ते चिनी वाक्य मला पाठ झालं. खरं सांगायचं तर ते खरंच होतं. ओल्या फडक्याने ती कागद असा ओलसर करायची आणि सांगाड्यावर असा बसवायची की वाळल्यावर टिचकी मारली की डफासारखा आवाज यायचा.

वडिलांनंतर मोठ्या भावाने काम चालवलं. सरकारने त्याला परंपरेचा अधिकृत वारसदार ठरवलं. आपल्याकडे गावातल्या एखाद्या जुन्या कलेबद्दल भाषणं होतात आणि विषय तिथेच संपतो. त्यांच्याकडे ह्याची रीतसर व्यवस्था होती. ज्याला हात लावता येत नाही असा वारसा, म्हणजे वस्तू नव्हे तर ती करण्याचं ज्ञान, ते नोंदवायचं आणि पुढे द्यायचं. भावाच्या दारावर पितळी पाटी लागली. लोक कॅमेरे घेऊन यायचे. शिकायला मात्र कुणी थांबत नसे. त्याचा स्वतःचा मुलगा लांबच्या शहरात मोबाइल दुरुस्त करायचा. पोपोच्या लेकीचा तो मामा, म्हणून आमच्या घरातही त्याचं नाव मामाच पडलं.

२०१६ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला एके सकाळी पोपो आली आणि सरळ खुर्चीवर बसली. नेहमी आल्याआल्या ती प्रेस उघडायची. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता मीही तेच म्हणते. माझे डबे नीट लावलेत की नाहीत ते ती बघायची. त्या दिवशी तिने प्रेसकडे पाहिलंही नाही. फोन तोंडाजवळ धरून ती काहीतरी बोलली आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यातली बाई थंड आवाजात इंग्रजीत म्हणाली, "माझा भाऊ अर्धा झोपला आहे."

मला क्षणभर हसू येणार होतं. मग मी पोपोचा उजवा हात पाहिला. तो तिने मांडीवर निर्जीव टाकला होता, मला दाखवायला.

मामाची उजवी बाजू गेली होती. जीभही जड झाली होती. जीव वाचला, पण सुरी परत हातात येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी नुकतंच सांस्कृतिक विभागाने त्याच्याकडून मासा पहिल्यापासून शेवटपर्यंत करून घेऊन त्याचं चित्रीकरण करायचं ठरवलं होतं. बांबू चिरण्यापर्यंत काम झालं होतं, आणि पुढचं तिथेच राहिलं.

मी तिला चहा करून दिला. आमचा दूध घातलेला चहा तिला मुळीच आवडायचा नाही, पण त्या दिवशी तिने तो संपवला.

पुढचा महिना-दीड महिना तिने कागदाला हात लावला नाही. मग एका रविवारी तिची लेक माझ्याकडे आली, जरा अवघडून. "आईने डोक्यात घेतलंय की ती बांबू शिकणार. मामाकडून. फोनवर. मी ऑफिसात असते, आणि तिला दोन्ही हात मोकळे लागतात. तू फोन धरशील का?"

मी लगेच हो म्हटलं. इथे आल्यापासून कुणी मला असं नेमकं काम सांगितलं नव्हतं.

पहिली अडचण बांबूची. आमच्या इस्टेटच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, टोकाला एक आयरिश आजोबा राहायचे. आयुष्यभर बस चालवलेले, आता एकटेच. त्यांच्या बायकोने हौसेने लावलेल्या बांबूने अर्धी बाग गिळली होती आणि मुळं कुंपणाखालून शेजारी निघाली होती. मी आणि पोपो जाऊन उभ्या राहिलो. मी समजावून सांगायला लागले, कंदील, चीन, भाऊ, तर ते मध्येच म्हणाले, "अगं, सगळा घेऊन जा. मुळासकट घेऊन जा. ग्रँड!"

दुसरी अडचण मामा. सकाळी मुली शाळेत गेल्या की तिकडे दुपार उतरलेली असायची. मामाची बायको त्याच्या तोंडासमोर फोन धरायची, इकडे मी पोपोच्या हातांवर धरायचे. पहिल्या दिवशी पोपोने कॅमेऱ्यासमोर बांबू धरला आणि आपण काय करणार ते सांगितलं. मामाचा अर्धा चेहरा वाकडा झाला होता, पण उरलेल्या अर्ध्यावरचा राग मला स्पष्ट दिसला. तो दोन शब्द बोलला आणि त्याने डोळे मिटून घेतले. पोपोने ते मला हाताने समजावलं. स्वतःकडे बोट दाखवलं, मग छातीवर वळणं काढून बाई दाखवली, आणि सुरी दूर सारल्याची खूण केली.

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर भांडेल. तिने स्वयंपाकघरातला सुरा उचलला आणि बांबू चिरायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चीर सारखी एका बाजूला पळायची, कांबीचं टोक निमुळतं होऊन तुटायचं, आणि ती तुटलेली कांब कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेऊन त्याला दाखवायची. मग दुसरी घ्यायची. माझ्या लक्षात आलं की मी फोन धरलेला नसताना, तिच्या मागच्या अंगणात, ती बरंच बरं चिरायची. माझ्यासमोर मात्र एकसारखी चुकायची. सुरी चुकीच्या बाजूने धरायची, बांबू बुंध्याकडून फोडायची.

एके सकाळी फोनमधून अचानक मोठा आवाज आला. मामा ओरडत होता. जड जिभेने, लाळ गाळत, डाव्या हाताने पांघरुणावर आपटत. पोपोने मान खाली घातली, नम्रपणे ऐकलं, आणि सुरी बरोबर बाजूने धरली. मग हळूच माझ्याकडे बघून तिने डोळा मारला.

चुकीचं काम बघत पडून राहणं त्याला जमणारच नव्हतं. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्यानंतर मामा रोज वाट बघू लागला. आम्हाला उशीर झाला की तिकडूनच फोन यायचा. आमच्या आजोबांचा बांबू पाहून तो म्हणाला की हा बांबू नव्हेच, गवत आहे. मग म्हणाला, आहे तर आहे, पण उन्हाळ्यात तोडलेला कामाचा नाही, त्यात रस असतो, कीड लागते. थंडीत तोडा. कोवळा, चकाकणारा घेऊ नका, ज्याची साल निस्तेज पांढुरकी झालीय तो घ्या. म्हणून आम्ही थंडीची वाट पाहिली. डिसेंबरात आजोबांच्या बागेत पोपो प्रत्येक दांड्याला बोटाच्या पेराने वाजवून बघत होती आणि आजोबा हातात करवत घेऊन, ती बोट दाखवेल तो दांडा कापत होते. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघं न थांबता बोलत होते.

त्या हिवाळ्यात मला बांबूबद्दल जे कळलं ते मी कधी विसरणार नाही. चीर सुरीने पडत नाही. सुरी फक्त दार उघडते. पुढे बांबू स्वतःच उलगडत जातो आणि माणसाने त्याला सांभाळायचं असतं. चीर एका अंगाला पळू लागली की सुरीने तिला ढकलून उपयोग नसतो. जी बाजू जाड राहिलीय ती जरा जास्त वाकवायची, म्हणजे चीर आपसूक मध्यावर येते. मामा हे शब्दांत सांगू शकत नव्हता. तो डाव्या हाताची बोटं वाकवून दाखवायचा आणि पोपो आपल्या हातांनी त्याचा अर्थ लावायची. तिच्या बोटांना पट्ट्या, अंगठ्याला पट्टी, आणि बांबूची बारीक कुसळं माझ्या स्वयंपाकघरात जिकडेतिकडे. नवरा एकदा म्हणाला, "आपल्या भाजीत बांबू आहे का?" होता.

मग एक दिवस चीर बुंध्यापर्यंत सरळ गेली. पोपोने दोन कांबी शेजारीशेजारी धरल्या. सारख्या. तिने त्या कॅमेऱ्याजवळ नेल्या आणि मामाने त्या नीट पाहिल्या. मग त्याने एकच शब्द उच्चारला. संध्याकाळी लेकीला विचारलं तेव्हा कळलं, तो म्हणाला होता, "पुढची."

सांगाडा मेणबत्तीच्या आचेवर वाकवून तयार झाला आणि बांधायची वेळ आली, तेव्हा त्या दोघांचं खरं भांडण झालं. सुदैवाने तो शनिवार होता आणि लेक घरी होती, म्हणून मला ते कळलं. मामा म्हणत होता, सांधे तारेने बांध. तो गेली कित्येक वर्षं तार आणि गरम गोंद वापरत होता. पटकन होतं, पक्कं राहतं. पोपो म्हणाली, आई कागदाने बांधायची. तिने चिवट सालीच्या कागदाची लांब पट्टी काढली, मांडी जरा ओली केली आणि तळव्याखाली ती पट्टी वळली. मी बघतच राहिले. माझी आई देवासाठी वाती वळायची ते अगदी असंच. मी पुढे होऊन एक पट्टी घेतली आणि वळून दाखवली. पोपोने ती ताणून पाहिली, खळीत बुडवली आणि सांध्याला गुंडाळली. शिकवल्याशिवाय आलेली गोष्ट तिच्याकडून "गुड" मिळवून गेली, ह्याचा मला फार आनंद झाला.

"तो म्हणतो, कागदाची गाठ ढिली राहते," लेक सांगत होती.

"राहायलाच हवी," पोपो म्हणाली. तिने बांधलेला तुकडा उचलून हलवला. सांधा तुटत नव्हता, पण किंचित मागे-पुढे होत होता, बोटाचं पेर हलतं तसा. "ताठ सांध्याचा मासा पोहणार कसा?"

मग मामा अडखळत, थांबत थांबत बरंच काही बोलला, आणि लेक भाषांतर करायची थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे पुसले.

"मामा म्हणतो, आई गेल्यापासून आपले मासे नीट पोहत नाहीत. लोकांच्या लक्षात येत नव्हतं, पण त्याला दिसायचं. त्याला वाटायचं बांबूत काहीतरी चुकतंय. इतकी वर्षं तो बांबू बारीक करत राहिला."

त्यांच्या आईची रीत कुठेच नोंदलेली नव्हती. कॅमेरा आला तो बांबूपुढे उभा राहिला. बायका मागच्या खोलीत मांडीवर काय वळत बसायच्या, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही, अगदी तिच्या मुलालाही नाही. अर्धा मासा भावाकडे होता आणि अर्धा बहिणीकडे, आणि दोघांनाही आपलाच पूर्ण वाटत होता.

त्यानंतर पोपोला थांबवणं शक्यच नव्हतं. आमच्या वाचनालयात तिने वर्ग मागितला. मागितला म्हणजे माझ्या हाताला धरून मला तिथे नेलं आणि "टेल" म्हणाली. शाळेतल्या आया आल्या, मुलं आली, बसवाले आजोबा आले. ती वर्गात फळ्यासमोर उभी असल्यासारखी उभी राहायची. कुणाचं चुकलं की "नो गुड", आणि ते कुणालाच लागायचं नाही, कारण लगेच शेजारी बसून ती ते तुमच्याकडूनच बरोबर करून घ्यायची. इथल्या भुरभुर पावसात कागद विरघळेल म्हणून मामाने तेल लावायला सांगितलं. त्यांच्याकडचं तेल इथे मिळेना. मग हार्डवेअरच्या दुकानात लाकडाला लावायचं जवसाचं तेल मिळालं. ते वाळायला फार वेळ लागे आणि घरभर वास येई. पण कागद पिवळसर, पारदर्शक झाला आणि त्यावर पाणी ठरेनासं झालं.

२०१८ साली त्यांची कंदिलांची पौर्णिमा आणि आपली होळी एकत्र आली. संध्याकाळी जवळच्या कालव्याच्या काठाने मासे मिरवायचे असं ठरलं. आणि नेमका तेव्हाच बर्फ पडला. इथे इतका बर्फ कधी पडत नाही. दारं उघडेनात, बस बंद, शाळा बंद, दुकानांतला पाव संपला. वाचनालयातून निरोप आला, कार्यक्रम रद्द. मी घरात डाळ होती म्हणून पुरण शिजवलं आणि खिडकीतून पाहिलं, तर गुलाबी रेनकोट घातलेली पोपो फावड्याने वाट काढत आमच्याकडे येत होती.

पौर्णिमा तशीच गेली. वारा पडला त्या संध्याकाळी ती म्हणाली, आता चला.

"पण पौर्णिमा होऊन गेली," मी फोनमधून म्हटलं.

तिने ढगांकडे बोट दाखवलं. फोन म्हणाला, "चंद्र दिसत नाही. त्याला काय कळणार?"

आम्ही कालव्यापर्यंत जाऊ शकत नव्हतो, म्हणून इस्टेटमध्येच फिरलो. सगळ्यात मोठा मासा आजोबांनी धरला, बांबू त्यांचा होता म्हणून. मागे पोपो, मग आम्ही आया आणि मुलं. आत बॅटरीचे दिवे. घराघरांतून माणसं बाहेर आली. कित्येक दिवस घरात अडकलेली, ब्लँकेटं पांघरलेली, मगमधून चहा पीत. इतक्या वर्षांत मी न पाहिलेले शेजारी त्या दिवशी दिसले. आजोबा वळणावर वळले आणि माशाचं डोकं वळलं, मग अंग, मग सर्वांत शेवटी शेपटी, सावकाश. पिवळा उजेड बर्फावरून सरकत गेला. माझी मुलगी माझा हात धरून म्हणाली, "आई, लुक, इट्स स्विमिंग." माझ्याशी मराठीत बोल म्हणून मी नेहमी तिच्या मागे लागते. त्या वेळी नाही लागले.

मी सगळं फोनवर घेतलं आणि मामाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आधी तो शेपटीबद्दल बोलला, ती जरा जाड झाली होती. डाव्या कल्ल्याचा रंग उतरला होता. पहिल्या माणसाने काठी फार उंच धरली होती. पोपो सगळ्याला हो-हो म्हणत होती. मग तो थांबला आणि एक शब्द बोलला. तो मला भाषांतराशिवाय कळला, कारण तोपर्यंत मी तो तिच्या तोंडून वर्षभर ऐकला होता. पोहतोय.

ते चित्रीकरण त्याने सांस्कृतिक विभागाच्या माणसांना दाखवलं आणि सांगितलं की माझी पाटी अर्धीच खरी आहे. मग तिकडून पोपोला फोन येऊ लागले. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करायचं होतं, आणि ह्या वेळी बांधणी आणि कागदासकट. पोपोने अट घातली. गावात वर्ग काढायचा, आणि त्यात मुलींनी बांबू चिरायचा, मुलग्यांनी कागदाच्या वाती वळायच्या. दोन्ही येत नसेल त्याला मासा येतो असं म्हणायचं नाही. तिकडच्या साहेबाने परंपरेत असं नव्हतं, असं काहीसं म्हटलं. लेकीने मला सांगितलं की आई त्याच्याशी अगदी शाळेतल्या आवाजात बोलली. अट मान्य झाली.

नात आता मोठी झाली होती, तिला सांभाळायची गरज उरली नव्हती. २०१९ च्या वसंतात पोपो परत गेली. विमानतळावर तिने मला मिठी वगैरे मारली नाही. माझ्या जॅकेटची कॉलर नीट केली, मुलीच्या डोक्यावर टपली मारली आणि सुरक्षातपासणीच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जायचा प्रयत्न करू लागली.

त्या वर्षाच्या शेवटी तिचा व्हिडिओ कॉल आला. मोठी खोली, जमिनीवर बांबूचा भुगा. मामा खिडकीशी खुर्चीत बसलेला, डाव्या हातात एक लांब काठी, आणि त्या काठीने तो कुणालातरी ढोसत ओरडत होता. चार-पाच तरुण मुली गुडघ्यांत बांबू धरून चिरत होत्या. त्यांच्या मागे एक दांडगा, टक्कल पडलेला माणूस पँट पार वर सरकवून उघड्या मांडीवर कागदाची पट्टी वळत होता. पोपोने फोन त्याच्यावर धरला आणि मला विचारलं, "गुड?"

मी नीट बघितलं. पीळ मधेच सैल पडत होता.

"नो गुड," मी म्हटलं.

तिला इतका आनंद झाला की ती खळखळून हसली. मग वळून त्या माणसाला काहीतरी फटकारलं, फोन बाजूला ठेवला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बैठक मारली. फोन बंद करायचं ती विसरली होती. बराच वेळ मला छत दिसत होतं, आणि बांबू फुटल्याचा आवाज येत होता.